टेकाडाची भूतकथा

तळेगावजवळच्या टेकाडाखाली जुना विहार आहे, याची पुरातत्त्वज्ञ पौर्णिमा थूलला खात्री होती. गावातले लोक मात्र तिथली माती ट्रॅक्टर भरभरून वीटभट्टीला नेत होते. तक्रारी करून थकल्यावर तिनं त्या टेकाडाविषयी एक भूतकथा लिहिली आणि भूतकथाप्रेमींच्या संमेलनात वाचून दाखवली. कथा मोबाइलवरून गावात पोचली आणि ट्रॅक्टर यायचे थांबले.

यंदा टेकाडावरून रस्ता आखला गेला. पावसाळ्याआधी विहाराची भिंत दाखवा, रस्ता वळवू, असं रस्ते खात्याचे साहेब म्हणाले. उत्खननाची परवानगीही मिळाली. पण मजुरीला कोणी येईना. पौर्णिमा घरोघरी फिरली.

"काकू, थे गोष्ट म्या मनानंच लिहिली. तिथं भूतगित काई नाई," ती प्रमिलाबाईंना काकुळतीनं म्हणाली.

"तुमी एवढ्या शिकलेल्या बाई. खोटं काऊन लिहान?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "आमच्या घरी लेकरंबाळं हायेत. आमाले नाई जमत."

शेवटी पौर्णिमा एकटीच खणायला लागली. तळहात सोलून निघाले, तरी भिंत काही लागली नाही. मग पावसाळा तोंडावर आला आणि एका सकाळी टेकाडावर रस्त्याचं पोकलेन चढलं. ती धापा टाकत पोचली, तेव्हा विहाराच्या विटांचा ढीग बाजूला पडला होता आणि मशीन बिनधास्त चालू होतं.

पोकलेनवाला झारखंडचा होता. त्याला मराठी वाचता येत नव्हतं.