घराची चावी

राऊ गावातल्या आमच्या सोसायटीत मतदान आता ब्लॉकचेनवर होतं. सेक्रेटरी ऋषभजींनी सभेत ऐकवलं, "सत्ता आता कोणा एकाच्या हातात नाही, भिया! प्रत्येक घराची आपापली चावी. आणि एकदा पडलेलं मत ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही."

चावी म्हणजे बारा शब्दांचा पासवर्ड. पण गावाला जाताना घराची चावी ऋषभजींकडे ठेवायची आमच्याकडे जुनी सवय. लोकांनी हीसुद्धा त्यांच्याकडेच ठेवली. मी नको म्हटलं, तर शेजारच्या भानुमतीकाकू हसल्या. "उर्वी, तू तर सगळ्यांवर शक करतेस. माझ्याकडून गुम होऊन जाईल ना गं ती."

काकूंचं घर डब्यांवर चालतं. वरच्या मजल्यावरच्या ऋषभजींना त्यांच्या फोडणीचा वास सहन होत नाही. त्यामुळे पहिलाच ठराव आला: सोसायटीत डब्यांचा धंदा बंद करावा.

मतदानाच्या सकाळी काकूंनी विरोधात मत द्यायला मोबाइल उघडला, तर संदेश आधीच आलेला.

 

"आपलं मत ठरावाच्या बाजूने नोंदवलं गेलं आहे. धन्यवाद."