दुधातली पाल

पाल दुधात पडली होती. निदान संध्या तसं म्हणत होती.

“अण्णा, घेऊ नका, पाल पडलीय,” असं म्हणत तिने पेला हातभर लांब धरला आणि मोरीत रिकामा केला. महिन्याभरातली ही तिसरी पाल.

बोरस्ते सर खुर्चीत बसून सुनेकडे पाहत राहिले. सिन्नरच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, असं लिहायचा मोह होतो. पण पालींवर असले आळ घेतलेले सरांना खपत नसत.

डिसेंबर होता. सिडकोतल्या त्या बैठ्या घरात संध्याकाळी सहालाच स्वेटर चढवावा लागे. पालीचं अंग बाहेरच्या हवेबरोबर गार पडतं. असल्या गारठ्यात ती फटीत निपचित पडून राहते, छतावर धावाधाव करत नाही. मग ही पडते कुठून? आणि तिन्ही वेळा नेमकी दुधाच्याच पेल्यात? संध्याच्या हातच्या सकाळच्या चहात ती कधी पडली नाही.

दूध सोमनाथ करायचा, सरांचा एकुलता एक मुलगा. सातपूरच्या कारखान्यातून आला की तो आधी अण्णांचं दूध कोमट करी आणि त्यात वैद्याकडचं चूर्ण ढवळी. मग पेला संध्या बाहेर आणून देई. दिवाळीपासूनचा हा नेम. अलीकडे सरांच्या पायांना मुंग्या येत, तोंडाची चव गेली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. सोमनाथने चूर्ण दुप्पट केलं. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि सरांनाही ते पटे.

सुनेचं मात्र त्यांना काही खरं वाटत नव्हतं.

दिवाळीत सरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “मी आहे तोवर हे घर विकायचं नाही.” सोमनाथ लगेच म्हणाला, “तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी, अण्णा?” संध्या ताटं उचलायला उठली. आणि पुरता महिनाही गेला नाही तोच तिने सुचवलं, “अण्णा, तुम्ही थोडे दिवस सिन्नरला काकांकडे जाऊन या ना. हवापालट होईल.”

ते सरांच्या फार जिव्हारी लागलं. या घराच्या भिंतींवर त्यांनी स्वतः बादलीने पाणी मारलं होतं. आणि आता कोण कुणाला हवापालट सुचवतंय! गोड बोलून जमलं नाही, म्हणून आता पाली. म्हाताऱ्याला किळस यावी, त्याने भ्यावं आणि आपल्या पायाने निघून जावं, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. लेकीसारखी वागवलेली मुलगी असं करते, या विचाराने त्यांना रडू यायचंच बाकी होतं.

चौथी पाल शुक्रवारी सापडली. त्याआधी तिची शेपटी सापडली.

“अगं बया!” भांडी घासायला आलेली शकुबाई स्वयंपाकघराच्या दारात ओरडली. “सर, ही शेपटी बघा. वळवळती अजून!”

सर वाकले. तुटलेली शेपटी काही मिनिटंच वळवळते. आणि पाल ती उगाच टाकत नाही. कुणी धरलं तरच टाकते.

“लय इख असतं तिच्यात,” म्हणत शकुबाई सुपलीत शेपटी घेऊन अंगणात पळाली.

तेवढ्यात संध्या पेला घेऊन बाहेर आली. दुधात बिनशेपटीची पाल तरंगत होती.

“अण्णा, आज पण पाल...”

“थांब. पेला इकडे दे.”

टॉवेलने तोंड पुसत सोमनाथ बाहेर आला. “काय झालं, अण्णा?”

“तुझी बायको माझ्या दुधात पाली टाकते.”

सोमनाथने बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “म्हणजे त्या पडत नव्हत्या?” त्याने सावकाश विचारलं.

“थंडीत कुठल्या पडतायत! ही धरून आणते आणि टाकते. काय गं, खोटं बोलतोय मी?”

संध्याने मान खाली घातली. “टाकली मी,” ती पुटपुटली. “पण ते दूध ओतून द्या, अण्णा. पाया पडते तुमच्या.”

“का ओतू?” सर कडाडले. “मला भीती घालून घराबाहेर काढणार होतीस? अगं, पालीत विष नसतं. सातवीतल्या पोरांना कळतं ते!”

त्यांनी चमच्याने पाल बाहेर काढून वर्तमानपत्रावर ठेवली आणि पेला उचलला. संध्या धावली. सोमनाथने तिचं मनगट धरलं.

“पिऊ दे गं,” तो हळूच म्हणाला. “अण्णांचं म्हणणं आहे तर पिऊ दे.”

मुलगा आपल्या बाजूने उभा राहिला, हे पाहून सरांना भरून आलं. दूध रोजच्यापेक्षा कडू होतं, तरी त्यांनी पेला एका दमात संपवला. मिशा पुसल्या. कितीतरी वर्षांनी वर्गात उभं असल्यासारखं वाटलं त्यांना.

सोमनाथने संध्याचं मनगट सोडलं, रिकामा पेला उचलला आणि मोरीत नेऊन स्वतःच विसळायला घेतला.

“बघितलंस?” सर सुनेला म्हणाले. “आहे का पालीत विष?”

“पालीत नव्हतंच, अण्णा,” संध्या म्हणाली. “दुधात होतं.”