उताराकडचं कापड

"गढूळ कसलं, नुसता लाल चिखल येतोय!" दादा फोनवर ओरडत होता. "पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागलीत. कल्ल्यांत गाळ बसला की खेळ खलास. काहीतरी कर, धाकट्या!"

"तळ्याचं तोंड बंद कर ना."

"केलं की ओढा बांधावर चढतो. बांध फुटला तर तळंच राहायचं नाही. तू आहेस ना तिथे? मग?"

तिथे तो होता, हेच तर दुखणं होतं. टेकडीच्या उतारावर नव्या बंगल्यांचं काम चाललं होतं आणि धाकटा तिथला साइट इंजिनिअर. काम सुरू झालं तेव्हा त्यानंच घरी छातीठोकपणे सांगितलं होतं, मी असेपर्यंत ओढ्यात मातीचा कण जाणार नाही. त्याच्या शब्दावर दादानं यंदाची सगळी माशांची पिल्लं त्या एका तळ्यात सोडली होती.

टेकडी आता सोललेल्या बटाट्यासारखी पडली होती. औषधाला गवत नाही. नकाशात गाळ साठवायचा हौद होता, तिथे बंगले बांधणाऱ्या शेठनं गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी फरशी करून घेतली आणि धाकट्यानं मान डोलावली. राहता राहिलं उताराच्या बाजूला खुंट्यांवर ताणलेलं काळं कापड. पाणी जाऊ द्यायचं आणि माती अडवायची, एवढंच त्याचं काम. धाकटा पावसात धावत तिथे पोचला तर खुंट्या होत्या, कापड नव्हतं. माती खुशाल ओढ्याकडे निघाली होती.

"कापड कुठाय?" त्यानं मुकादमाला गाठलं.

मुकादम इकडेतिकडे बघायला लागला. "बायकांनी नेलं, साहेब. खोल्या गळतात. वर घातलंय."

"अरे वा! आणि मला कोण सांगणार? तुझा काका?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, नवे पत्रे देतो म्हणून? वाट बघितली त्यांनी."

धाकटा म्हणाला होता खरा. शेठ 'बघू' म्हणाला, यानं पुढे 'बघतो' म्हटलं, आणि बघणं तिथेच राहिलं.

"चल," तो म्हणाला. "सगळं काढायचं. आत्ताच्या आत्ता."

कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या साइटच्या मागे होत्या. पहिल्या खोल्यांवरचं कापड निघालं. कुणी भांडलं नाही. एका म्हातारीनं फक्त पातेली आणून गळतीखाली मांडली. एखादीनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. निघालेलं कापड थोडकंच होतं, मोठा तुकडा शेवटच्या खोलीवर होता. तिथे गवंड्याची बायको दारात उभी होती, छातीशी आठवडाभराची मुलगी.

"ताई, कापड हवंय," धाकटा म्हणाला. आवाज भिकाऱ्यासारखा निघाला, त्याचा त्यालाच कळला. "खाली माझ्या भावाचं तळं आहे. त्याचे मासे मरताहेत. त्याचं सगळं त्यातच आहे हो."

तिनं वर छताकडे बघितलं. मग म्हणाली, "न्या. तुमचंच आहे. दुहेरी घातलंय तरी झिरपतंच, पण धार तरी लागत नाही. जरा हिला धरा. गादी गुंडाळते, ती भिजली तर निजवू कशावर?"

आणि 'हो-नाही' म्हणायच्या आत मुलगी त्याच्या हातात आली. त्यानं तिला रेनकोटाच्या आत घेतलं. मुकादम वर चढला, त्यानं दोऱ्या सोडल्या, कापड ओढलं. पत्रा कसला, चाळणी होती ती. एक धार चुलीवर पडली, एक भिंतीवरून उतरली आणि एक नेमकी तिथे, जिथून बाई घाईघाईनं गादी ओढत होती. आठवड्याच्या बाळंतिणीला एवढं आवरेना. ती मध्येच खाली बसली आणि तशीच बसून राहिली.

"थांब!" धाकटा ओरडला.

मुकादमानं वरून डोकं काढलं. "साहेब?"

"बांध परत. हिचं बांध. बाकीचं घेऊन खाली पळ."

"बाकीच्यात निम्मी बाजूसुद्धा झाकायची नाही, साहेब."

"कळतंय मला!" तो खेकसला. "कळतंय रे बाबा, बांध तू!"

खिशात फोन वाजायला लागला. एका हातानं मुलीला सावरत त्यानं तो कसाबसा कानाला लावला.

"मिळालं का?" दादाला धाप लागली होती. मागे वहिनीचा आवाज येत होता, बादली आणा, बादली आणा म्हणून.

"नाही दादा. थोडंच मिळालं. त्यानं भागायचं नाही."

रेनकोटात मुलगी हलली आणि टाहो फोडून रडायला लागली. धाकट्याला सगळं सांगायचं होतं, हौदाचं, पत्र्यांचं, हिचं. इकडे आड तिकडे विहीर आणि दोन्ही आपणच खणलेली.

"दादा, मला नाही रे जमलं," तो म्हणाला आणि त्यालाही रडू फुटलं, शाळेतल्या पोरासारखं, मुकादमादेखत.

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"लेकरू कुणाचं रडतंय?" दादानं विचारलं.

"इथलं आहे. गवंड्याचं."

"आणि तू त्याला घेऊन पावसात उभा आहेस?" दादाचा आवाज चिरकला. "आत जा आधी, गाढवा. आत जा."