हिरवी पेन्सिल

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णव सालची. त्या मार्चमध्ये एका सकाळी थोरलीने कचऱ्याची टोपली उचलून जिन्याखाली नेऊन ठेवली आणि वर येऊन सांगितलं, "आजपासून या खोलीत टोपली नाही."

"मग कचरा टाकायचा कुठे?" धाकटीने विचारलं.

"करायचाच नाही."

"म्हणजे आता शिंकायचीही परवानगी काढा," रंगकाका म्हणाले.

दोघी सख्ख्या बहिणी. कपबश्या आणि ताटल्यांवरच्या नक्ष्या काढून देणं हा त्यांचा छोटासा व्यवसाय. धाकटी चित्रं काढायची, थोरली गिऱ्हाइकं सांभाळायची, आणि रंगकाका, म्हणजे वडिलांचे जुने मित्र, रंग कालवायचे व मागच्या अंगणातली भट्टी लावायचे. त्या काळी सगळं हातानेच चाले. एका पानाचं वळण जमेपर्यंत धाकटीचे वीस-वीस कागद जायचे.

थोरलीने भराभर नियम केले. शिशाचे रंग बंद. भट्टी रोज अर्धीमुर्धी न लावता शनिवारी भरून एकदाच. टेबलं खिडकीशी, म्हणजे दिवसा दिवे नकोत. नमुन्यांच्या खोक्यांत थर्माकोल नाही, घरातलेच कागद चुरगळून भरायचे. रद्दीही द्यायची नाही. रद्दीचा ट्रक धूर ओकत चाळीस किलोमीटर जातो. कागदाची एक बाजू भरली की ती स्वतः हिरव्या पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायची, 'पाठ कोरी आहे, वापरा.'

"ताई, एक दिवस माझ्याही पाठीवर लिहिशील," धाकटी म्हणायची.

"लिहीन. तेवढ्याने तू कामाला लागत असलीस तर."

नियमांची यादी थोरलीने भिंतीवर टांगली. महिन्याभरात टोपलीची आठवणही उरली नाही. "आमच्याकडून कागदाचा कपटा बाहेर जात नाही," भेटेल त्याला ती सांगायची.

भांड्यांचा एक बडा व्यापारी त्यांचं जुनं गिऱ्हाईक होता. बोलणं इतकं मऊ की धाकटीने त्याचं नाव मखमल ठेवलं होतं. दर सोमवारी त्याच्याकडे नमुन्यांचं खोकं जायचं. ते थोरली स्वतः भरायची. एक ताटली फुटली तर मातीही वाया आणि भट्टीची आचही, म्हणून ती कुणाला हात लावू देत नसे.

"ताई, तुमचं खोकं मीसुद्धा कुणाला उघडू देत नाही," मखमल फोनवर म्हणायचा. "माझ्या हातांनी उघडतो."

मग थोरलीचा दिवस चांगला जायचा.

जूनमध्ये एका मोठ्या हॉटेलचं काम चालून आलं. सगळी भांडी नवीन, रंग बिनशिशाचे. नक्षी ऑक्टोबरात दाखवायची होती. काम मिळालं तर भट्टी वाढणार होती, नाहीतर फार दिवस तगणार नव्हती. धाकटीने चार महिने खपून नक्षी काढली. ताटलीच्या कडेने चढत जाणारा नेचा, म्हणजे फर्नचं पान, टोक डावीकडे मुडपलेलं. बाहेरच्या कुणाला ती दाखवायची नाही असं तिघांचं ठरलं.

दाखवायला आठ दिवस उरले होते. रंगकाका सकाळी आले ते टोपी न काढताच खुर्चीत बसले.

"मखमलच्या दुकानात काचेमागे आपली ताटली आहे."

"आपल्यासारखी असेल," थोरली म्हणाली.

"नेचा आहे. टोक डावीकडे."

थोरली जाऊन बघून आली. पान अन् पान तेच होतं. रंग तेवढा शिशाचा, चकचकीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा त्या रस्त्याला गेली. जाब विचारायचा होता. तेवढ्यात मखमलच्या दारातून धाकटी बाहेर पडली. बगलेत खाकी पाकीट होतं. थोरली तशीच मागे फिरली.

"कुठे गेली होतीस?" धाकटी आत आल्या आल्या तिने विचारलं.

"मखमलकडे. ताई, जरा बस. हे पाकीट..."

"कधीपासून चाललंय?"

"तुला वाटतंय मी?"

"इथून कपटा बाहेर जात नाही. गेलं ते माणसाच्या हातून गेलं. काकांनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. उरलं कोण?"

"अगं, तिलाही खेळवलंय मी," रंगकाका पुटपुटले.

धाकटीने पाकीट टेबलावर ठेवलं. "उघडून बघ, मग बोल."

"त्याच्या हातचं काही मला बघायचं नाही. उचल ते."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. टांगलेली यादी ती बराच वेळ वाचत राहिली, जणू पहिल्यांदाच. मग तिने पाकीट उचललं.

"बरं ताई. माझंच चुकलं म्हण," ती म्हणाली, आणि ब्रश पाण्यात तसेच सोडून निघून गेली.

हॉटेलचं काम गेलं. दुसऱ्या चित्रकारांना हाताशी धरून थोरलीने सहा वर्षं ओढली, मग भट्टी विझली. रंगकाका त्याआधीच गेले. धाकटीचं नाव काढलं की थोरली उठून जाते, एवढं शेवटपर्यंत त्यांना लागून राहिलं. मखमलने नेच्याच्या ताटल्यांवर दुमजली घर बांधलं. धाकटी दूरच्या गावी शाळेत चित्रकला शिकवत राहिली. दर वाढदिवसाला तिचं कार्ड यायचं, ते थोरली खणात उपडं टाकायची.

थोरलीला मात्र मान मिळाला. लहान व्यवसायांनी कचरा कसा टाळावा हे सांगायला तिला ठिकठिकाणची बोलावणी येत. ती टोपलीची गोष्ट सांगायची. व्यवसाय का बुडाला असं कुणी विचारलंच, तर सख्ख्या बहिणीने गळा कसा कापला तेही.

गेल्या वर्षी धाकटी गेली. महिन्याने भाची आली.

"मावशी, आईच्या चित्रांच्या फळीमागे हे चिकटवलेलं होतं. मला कधी हात लावू दिला नाही. वर तुझं नाव आहे."

खाकी पाकीट. थोरलीने ते बराच वेळ मांडीवर ठेवलं, मग फोडलं.

आत एकच कागद होता. दोन्ही बाजूंना नेचा, टोक डावीकडे. कागदभर चुरगळल्याच्या घड्या, कुणीतरी इस्त्री फिरवून सपाट केलेल्या. आणि कोपऱ्यात हिरव्या पेन्सिलीने, तिच्याच अक्षरात: 'पाठ कोरी आहे, वापरा.'