पेनीतोआचं पोट

अमेरिकेत अकरा वर्षं तिथल्या रग्बीसारख्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये समोरचे धिप्पाड गडी अंगावर झेलून पेनीतोआ सामोआतल्या घरी परतला. रविवारी चर्चहून आल्यावर आईने भाजलेलं डुकराचं मांस आणि तारोचे कंद वाढले. वासानेच त्याला मळमळलं.

"निम्मा झालायस. अमेरिकेने पोराला उपाशी ठेवलं म्हणून सांगू गावाला?"

"उलट, आई. वजन दीडशे किलोंच्या खाली गेलं की संघातून हाकलायचे. ओकायचो आणि पुन्हा गिळायचो. खेळ सोडल्यापासून अन्नाची किळस येते."

आईने ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी तो पोट धरून बसलेला दिसला, तशी ती धावली. "दुखतंय का रे?"

"नाही. भूक लागलीय वाटतं," तो पुटपुटला. "इतक्यात वाढू नकोस. जरा लागू दे."