पिन्नीची मुलगी

माझं हारिकाशी लग्न ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण तिच्या अव्वाने, म्हणजे आजीने, तेच ठरवलंय.

सोलापुरात आमची घरं समोरासमोर. ते तेलुगू, आम्ही मराठी. जातीवरून अडेल म्हणून मी घरून भाषण पाठ करून गेलो होतो. अव्वाने एवढंच विचारलं, "हिच्या आईला काय म्हणतोस?"

"मावशी." शेजारणीला दुसरं काय म्हणणार?

"मग तू हिचा भाऊ. आमच्यात आईच्या बहिणीची मुलं सख्खी भावंडं."

"बरं, मग काकू धरा."

"मावशी काय नि काकू काय, आमच्या भाषेत दोघी पिन्नीच. पिन्नीची मुलगी ती बहीणच." अव्वा शांतपणे सुपारी कातरत होती. "आत्या म्हणाला असतास, तर आत्ता हळद कालवली असती. आत्याची मुलगी करता येते."

"लहानपणी एकदा तरी आत्या म्हणायला काय झालं होतं तुला?" हारिका पुटपुटली. तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आली. मी कप घेतला आणि सवयीने म्हणालो, "थँक्यू, मावशी."

अव्वाने अडकित्ता खाली ठेवला. "बघ."

तरी अव्वांना नम्र विनंती, की अर्जदाराने जन्मापासून आजच्या चहापर्यंत उच्चारलेल्या सर्व 'मावशी' रद्द समजून त्या-त्या ठिकाणी 'आत्या' असे ऐकले गेल्याचे मान्य करण्यात यावे.