झाकणातले स्क्रू

दुकानवाल्या बाईंनी स्पीकरच्या खोक्यावर पत्र्याचं एक झाकण उलटं ठेवलं आणि त्यात मूठभर स्क्रू टाकले.

"आता वाजवा," त्या म्हणाल्या. "कान खोटं बोलतात. स्क्रू बोलत नाहीत."

थोरल्याने बेस गिटारची सगळ्यात जाड तार छेडली. स्क्रू तडतड नाचायला लागले. मग त्याने घरून आणलेलं, आवाज फाडायचं जुनं पेडल पायाने दाबलं. आवाज हवा तसा फाटला, घोगरा झाला, आणि स्क्रू जागच्या जागी गप्प.

"बघा. आवाज फाडला, पण खालचा खर्ज गिळला. उरली नुसती माशीची गुणगुण."

"अगदी हेच होतं हो, ताई." रोग कळल्यावर बरं वाटावं तसं थोरल्याला बरं वाटलं. दीड वर्ष तो कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐकत होता आणि प्रत्येक वेळी त्याचा खर्ज गायब असायचा. बँडमध्ये कोणी तोंडावर बोलत नव्हतं, पण बोलणं बंद झालं की माणसाला कळायचं ते कळतंच. बँड आता धाकट्या भावाच्या हातात होता. त्याच धाकट्याला गिटारवर बोटं कुठे ठेवायची ते थोरल्याने शिकवलं होतं. शनिवारी मोठा कार्यक्रम होता, आणि त्यातही खर्ज पोचला नाही तर आपली जागा जाणार, याची थोरल्याला खात्री होती.

धाकटा दाराजवळच्या स्टुलावर मोबाइल बघत बसला होता. "घे रे दादा कुठलंही," तो म्हणाला. "सगळी सारखीच असतात."

बाईंनी दुसरं पेडल लावलं. त्याला बोराएवढा लाल दिवा होता. स्क्रू जरासे हलले आणि थांबले.

"दिवा तेवढा झकास आहे," बाई म्हणाल्या.

"दिव्याचं काय करू? मी वाजवायला जातो, गाडीला सिग्नल द्यायला नाही."

मग निघालं एक राखाडी, बेंगरूळ पेडल. त्याला एक बटण जास्त होतं. ते फिरवलं की गिटारचा मूळ आवाज, न फाटलेला, फाटक्याच्या शेजारून तसाच पुढे जाई. थोरल्याने तार छेडली. आवाज फाटला आणि स्क्रू नाचतच राहिले. एक तर उडून खाली पडला. थोरला लहान मुलासारखा हसला. शनिवार त्याला एकदम सोपा वाटायला लागला.

"हेच. आणि हे माझं परत घेता का बघा." त्याने पिशवीतून आणखी एक पेडल काढलं. "सहा महिन्यांपूर्वी घेतलं. हेही खर्ज खातं."

बाई परत घेण्याआधी वाजवून बघणाऱ्या. त्यांनी ते लावलं. स्क्रू छान नाचले.

"याला काय धाड भरलीय?"

"इथे नाही खात. कार्यक्रमात खातं. रेकॉर्डिंगच ऐकवतो."

"कशाला आता?" धाकटा उठून उभा राहिला होता. "उशीर होतोय. पॅक करायला सांग."

पण थोरल्याने मोबाइल त्याच स्पीकरला जोडून रेकॉर्डिंग लावलंही. स्क्रू गप्प. बाईंनी त्याआधीच्या वर्षीचं, पहिल्या जुन्या पेडलचं मागितलं. आवाज तोच, माशीही तीच.

"दोन पेडलं इतकी सारखी वाजत नाहीत," बाई म्हणाल्या. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं."

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये पुढचं गाणं लागलं, आणि बंद करायला गेलेला थोरल्याचा हात तिथेच थांबला.

"या गाण्यात माझी जाड तार तुटली होती," तो म्हणाला. "अर्ध्यातच. उरलेल्या तीन तारांवर कसंबसं निभावलं मी."

तिघंही ऐकत राहिले. गाणं अर्ध्यावर आलं, पुढे गेलं, संपलं. जाड तार शेवटच्या ठोक्यापर्यंत नीट वाजत होती.

स्टेजवर थोरल्याला ऐकू यायचा तो त्याच्या पाठीमागच्या स्पीकरचा आवाज. लोकांना ऐकू जायचं ते सगळ्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या समोरच्या मिक्सरमधून. मिक्सरवर माणूस बसवला होता धाकट्याने.

"हे कोण वाजवतंय?"

"मी." धाकट्याने मोबाइल खिशात टाकला. "घरी बसून भरून ठेवलंय. तुझं ते पहिलं पेडल होतं, त्याच्यावरच, म्हणून बारीक येतं. कार्यक्रमात मशीनवरून सोडतो. तुझा हात मागे पडतो, दादा. लय सुटते."

"एकदा सांगायचंस."

"सांगून काय तुझी बोटं तरुण होणार होती? दीड वर्षात लोकांना कळलं नाही. अरे, तुलाही कळलं नाही."

थोरल्याच्या डाव्या हाताचं बोट अजून तारेवर दाबलेलंच होतं. त्याला फार लाज वाटली, आणि आपल्यालाच का वाटतेय ते कळेना.

"मग मला ठेवलंस कशाला?"

"पोस्टरवर दोघं भाऊ आहोत ना आपण. लोक दोघांना बघायला येतात."

बाईंनी स्क्रू एकेक करून डबीत भरले. खाली पडलेलाही शोधून उचलला. मग कोणाकडेच न बघता त्यांनी विचारलं, "राखाडी बांधू का?"

थोरल्याने तारेवरचं बोट उचललं.

"नको," धाकटा म्हणाला. "ते लाल दिव्याचं द्या. शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसतं."